भिंतीवर टांगलेला दरवाजा

मी या किल्ल्याचा दरवाजा बोलतोय. सागवानी आहे. मध्ये बोलू नका, मला सवय नाही.

मला घडवणारे गेले, इथे राहणारेही गेले. शत्रूने धडका दिल्या, मी हाललो नाही. मग शत्रूही यायचे थांबले. उरलो मी, वटवाघळं आणि एक राखणदार. माझी वरची बिजागरी खचली होती, म्हणून रोज सकाळी तो मला खांदा लावून ढकलायचा. "हल की रे म्हाताऱ्या! मी काय तरणा आहे?" एवढंच आमचं बोलणं. मला पुरायचं.

पुढे किल्ला दुरुस्त करून लोकांसाठी खुला करायचं ठरलं. दिवाणखान्यात गाणं-नाटक, कोठारात वाचनालय. परांच्या चढल्या, चुना मळला गेला.

काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे दार फार जड. गर्दीत माणसं अडकतील. काढून भिंतीवर लावू, शोभेल."

"मग जिनाही आडवा टाका बाई, बसायला होईल," सुतार म्हणाला.

"टोमणे पुरे, काका. एकट्या माणसाला सहज उघडता आलं, तर ठेवते."

सुतार इरेला पेटला. बिजागऱ्या बदलल्या, तळाला रंधा मारला, तेल पाजलं. बोट लावलं की मी फिरायचो. राखणदार तेव्हा लेकीकडे गेला होता. त्याला कळवायचं कुणाला सुचलं नाही.

बाई बघायला आल्या त्याच सकाळी तो परतला. मी लोटलेला होतो. त्याने बाहेरून नेहमीसारखा खांदा लावला, होता नव्हता तेवढा जोर काढून. मी सताड उघडलो. तो बाईंच्या पायाशी तोंडावर आपटला. मनगट मोडलं.

"दाराचा दोष नाही हो, सवयीचा आहे," तो कण्हत म्हणाला.

बाईंनी आधी त्याला उठवलं. मग माझ्याकडे पाहिलं. अडलं तरी धोका, फिरलं तरी धोका, असा निकाल लागला.

आता मी दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. पुढे दोरी. गाणं होतं, टाळ्या पडतात, माणसं निघून जातात. किल्ला जगला, याचा अभिमान आहे. पण मला ढकलणारं कुणी नाही.

परवा राखणदार आला. रीतसर तिकीट काढून. एक हात गळ्यात. दुसरा त्याने दोरीवरून पुढे केला.

"आजोबा, हात लावायचा नाही," नवा पहारेकरी म्हणाला.

त्याने हात मागे घेतला. "बरा दिसतोस," म्हणाला आणि गेला.

पुन्हा आला तर दोरी सोडा. लाकूड झिजेल म्हणता? झिजू दे. माझं आहे.