गोड्या पाण्याची पाटी

अनसूयाकाकींनी सोनचाफ्याची मूठभर पानं अर्धवट धुतलेल्या गाडीच्या बॉनेटवर टाकली. पानांच्या कडा करपल्या होत्या.

"तुझ्या पाण्याने केलंय हे, बेसिल."

बेसिलने प्रेशरचा पाइप खाली ठेवला. गाडीचा मालक धनेश विरारहून राजोडीच्या किनाऱ्यावर आला होता, हौसेने गाडी ओल्या वाळूत घालून बसला होता, आणि आता कान टवकारून उभा होता. गिऱ्हाइकासमोर असलं काही ऐकून घेणं म्हणजे धंद्याचं वाटोळंच.

"काकी, पावसाचं पाणी आहे ते. छपरावरून थेट टाकीत. तुमची विहीर मचूळ झाली तेव्हा कुंपणातून पाइप मीच टाकून दिला ना? मे महिन्यात कोण देतं असं पाणी?"

"दिलंस. म्हणून तर तुलाच विचारायला आले. चाफा गेला तर फुलं कुठली विकू नि खाऊ काय?"

बेसिलची बायको लविना ऑफिसच्या दारात आली. नवऱ्याचे लाल झालेले कान बघून तिने 'मिटवा आता' अशी खूण केली. पण ऐकेल तो बेसिल कसला! केवढ्या कौतुकाने बांधलेली टाकी. साबणाचं पाणी गटारात जायचं, पण वाळू-चिखल काढायला मारलेलं पहिलं पाणी वाळू-कोळशाच्या गाळणीतून पुन्हा टाकीत यायचं. थेंब वाया जात नव्हता. आणि रस्त्यावर ही भली मोठी पाटी: 'समुद्राचा खार काढा, पावसाच्या गोड्या पाण्याने गाडी धुवा.' ती वाचूनच किनाऱ्यावरच्या गाड्या इकडे वळत.

"ग्लास आण गं," तो लविनाला म्हणाला. टाकीच्या नळाखाली त्याने तो भरला आणि उन्हात धरला. "बघा, दिसतंय काही? तुमच्यासमोर पितो."

त्याने मोठा घोट तोंडात घेतला आणि तो तसाच थांबला.

खारं होतं. मचूळ नव्हे, चक्क खारं. त्याची नजर धनेशच्या गाडीखाली गेली. चाकांवरून निथळलेलं पाणी वाळू घेऊन गाळणीकडे चाललं होतं. वाळू अडेल, चिखल अडेल. मीठ कोण अडवणार? पाऊस संपल्यावर, दिवाळीपासून, एकेका गाडीबरोबर आलेला समुद्र तो टाकीत साठवत होता, आणि तोच पुन्हा गाड्यांवर मारत होता. काकींच्या झाडांनाही तोच पाजत होता.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने घोट गिळला.

"गोड आहे," तो म्हणाला.

"मग मारा की पाणी, बॉस," धनेश हसला. "आधीच लेट झालंय."

काकी भांडतील असं बेसिलला वाटलं होतं. निदान ग्लास तरी मागतील. त्या मात्र बॉनेटवरची पानं गोळा करू लागल्या.

"तू पिऊन सांगतोयस म्हटल्यावर माझंच चुकलं. मनात आणू नकोस रे बाबा. उन्हाने करपली असतील, पाणी कमी पडलं असेल. आज झाडांची आळी तुडुंब भरते."

त्या कुंपणाच्या फाटकातून आपल्या चाफ्याच्या वाडीत गेल्या. बेसिलने पाइप उचलला, पण चालू केला नाही. लविनाने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, उरलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

कुंपणापलीकडे गंजलेला व्हॉल्व्ह करकरला. पाइपातून पाणी धावू लागलं.

"काकी!" हातातला पाइप टाकून बेसिल पळत सुटला. "काकी, बंद करा! खारं आहे! खारं आहे ते!"

"काय म्हणाला तो?" धनेशने विचारलं.

"खारं आहे म्हणाला," लविना म्हणाली, आणि तिने टाकीच्या पंपाचं बटण बंद केलं.