एकोणिसावं कार्ड

कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची फुली होती आणि ती मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं असावं, कारण दुसरी रेघ मध्येच जाड होऊन कागदात रुतली होती — एवढा जोर, एका वाक्यावर? — तिने कार्ड उलटं करून बोट फिरवलं तर मागूनही ती रेघ हाताला लागली. खाली तिच्याच अक्षरात वाक्य होतं : ‘तो येईल आणि तिला घेऊन जाईल, मला कोणी विचारणार नाही.’ त्यातल्या ‘मला’खाली दोन रेघा. बाजूला काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, कचेरीतल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं की कोशाच्या कार्डावर ‘मी’ येत नाही.

सव्वीस वर्षं ती या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत होती आणि त्यातले गेले अकरा महिने एकाच इंग्रजी शब्दावर, त्यांच्या ‘घेणे’वर, बसली होती. टेक. अकरा महिन्यांत लोकांची घरं बांधून होतात, मुलं चालायला लागतात, आणि ही रोज सकाळी साडेदहाला येऊन टेक. त्या इंग्रजांचं बरं आहे, एकच शब्द घेतात आणि दिवसभर वापरतात : औषध टेक, बस टेक, फोटो टेक, परीक्षा टेक, कोणाचा ताप मोजायचा तरी टेक, कोणाची जागा बळकावायची तरी टेकच. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं क्रियापद शोधा. सत्तेचाळीस अर्थ निघाले होते. एका अर्थाला एक कार्ड, वर अर्थ, खाली उदाहरणाचं वाक्य. आणि ते वाक्य पुस्तकातून उचलायचं नाही, स्वतः रचायचं, त्यात कोणाचं नाव घालायचं नाही. तो, ती, ते. कोणीही कोणाहीबद्दल म्हणू शकेल असं.

सत्तेचाळीसपैकी एकोणीस कार्डं परत आली होती. वर टाचणीने लावलेली चिठ्ठी, प्रमुख संपादकांच्या बारीक, तिरक्या अक्षरात : ‘वाक्ये फार वैयक्तिक वाटतात. हा शब्दकोश आहे, रोजनिशी नव्हे. चारपर्यंत बदलून द्यावीत.’

वैयक्तिक. तिच्या डोक्यात तिडीक गेली. दोन खोल्या पलीकडे बसतात, चार पावलं चालून तोंडावर सांगायला काय झालं होतं? ‘तो श्रेय घेऊन गेला’ यावरही फुली... हं. ती बरोबर मारली आहे म्हणायची. मागच्या आवृत्तीची प्रस्तावना मी लिहिली, सलग नऊ दिवस बसून, आणि खाली सही यांची. तेव्हा काही वैयक्तिक वाटलं नव्हतं. ‘त्यांनी तिला गृहीत धरले.’ फुली. ‘ती सगळे मुकाट्याने सोसते.’ फुली. ‘त्याने तिची खुर्ची घेतली आणि तिलाच स्टूल आणायला सांगितले.’ फुली. मग काय लिहायचं, मुलाने सफरचंद घेतले? लिहिते. एकोणीस वेळा लिहिते.

“किती बळी, बाई?” समोरच्या टेबलावरून अणूकाकांनी विचारलं. ते रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर, कोशातले विज्ञानाचे शब्द त्यांच्याकडे, म्हणून हे नाव.

“एकोणीस.”

“माझ्याकडे या शास्त्रात. मी तीन महिने आम्लांवर काढले. कोणी दुखावलं गेलं नाही.”

ती हसली नाही. एरवी हसली असती. आज सकाळपासून तिच्या जबड्यात काहीतरी घट्ट आवळून बसलं होतं, आणि त्याचा या चिठ्ठीशी काही संबंध नव्हता, हे तिला कळत होतं, तरी राग चिठ्ठीवरच काढायला सोयीचा होता.

सकाळी ती आईच्या गोळ्या डबीत भरत होती, सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि भावाचा फोन आला. धाकटा. लाडका, अर्थात.

“ताई, रविवारी येतो. आईला घेऊन जातो.”

“किती दिवस?”

“दिवस कसले, आता इकडेच राहू दे. हिची नोकरी सुरू होतेय अगं. बाळाकडे बघायला घरचं माणूस हवं ना. आणि तुलाही मोकळीक. तूच म्हणायचीस ना, दमते म्हणून.”

“आईशी बोललास?”

“काल रात्री फोनवर बोललो की. ती काय नाही म्हणणार आहे? तू जरा समजून घे.”

“बरं,” ती म्हणाली होती.

समजून घे. सांभाळून घे, जुळवून घे, चालवून घे... आयुष्यभर हेच घ्यायला सांगितलं सगळ्यांनी. आठ वर्षं. आठ वर्षं आईची पथ्यं, आईचा गुडघा, आईचं रात्री तीनदा उठणं, तेव्हा कुठे होतं घरचं माणूस? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला बाळाच्या मागे पळवणार, आणि वर मोकळीक मला! तिने पेन्सिल इतकी दाबली की तिचंही टोक मोडलं. ती मोडलेल्या टोकाकडे पाहत राहिली, आणि कोण जाणे का, तिला संपादक सरांचा राग थोडा कमी आला.

तिने कामाला हात घातला. ‘मुलाने सफरचंद घेतले.’ ‘प्रवासाला दोन तास लागतात.’ ‘त्याने छायाचित्र काढले.’ मेलेली वाक्यं, एकामागून एक, पाटीवर मासळी मांडावी तशी. दुपारपर्यंत अठरा झाली. जेवली नाही. एकोणिसावं, ते ‘मला’वालं, तिने गठ्ठ्याच्या तळाशी सारून ठेवलं होतं.

मग ती उरलेली अठ्ठावीस, पास झालेली कार्डं चाळू लागली. नुसतं पाहायचं म्हणून, की सरांना चालतं तरी काय. त्यातली निम्मी आईची होती. हे कोणाला माहीत नव्हतं. रात्री जेवताना ती आईला सांगायची, आज अमुक अर्थ, आणि इंग्रजीचं एक अक्षर न येणारी आई घास तसाच हातात धरून विचार करायची. मग म्हणायची, “असं घाल बघ.” ‘तिने त्याचा हात हातात घेतला.’ हे आईचं. बाबांच्या शेवटच्या दिवसांतलं. ‘पाऊल उचलले की रस्ता दिसतो.’ हेही आईचंच, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाचं. एकावरही फुली नाही. अकरा महिने त्या शब्दावर घरात दोघी बसल्या होत्या, आणि पगार एकीला मिळत होता.

आणि माझी? तिने परत आलेली धरून स्वतःची म्हणून जी होती ती वेगळी काढली. ती औषध घेते. ती रजा घेते. ती बस पकडते. तिच्याकडून घेतलं जातं, हिसकावलं जातं, नेलं जातं, गृहीत धरलं जातं. एका तरी कार्डावर तिने काहीतरी हवं म्हणून घेतलं आहे का? तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी भावाच्या बाळाचा जन्म झाला, पेढ्यासारखा गोड आवाज काढून तो फोनवर बोलला, आणि दुसऱ्या दिवशी इथे बसून तिने लिहिलं होतं : तो येईल आणि तिला घेऊन जाईल. म्हणजे तेव्हापासून ठाऊक होतं. दोन महिने होते हातात. काय केलं दोन महिने? वाक्य रचलं.

मला कोणी विचारणार नाही...

पण विचारलं होतं. आज सकाळीच. ती दारात एक चप्पल पायात घालून दुसरी शोधत होती, आई भिंतीला धरून आली होती, आणि म्हणाली होती, “तुला काय वाटतं गं, जाऊ का मी?” आणि आपण वर न बघता म्हणालो, “तुझं तू ठरव, आई. मी काय सांगणार.”

केवढा अभिमान वाटला होता त्याचा, जिना उतरताना! भाऊ परस्पर ठरवतो, मी मात्र आईचं मत आईवर सोडते. शहाणी. आई एवढंच म्हणाली होती, “बरं.” अगदी माझ्यासारखं. आणि आत वळली होती, कपाटावरची बॅग अजून तिथेच आहे का बघायला.

आई मत विचारत नव्हती. सत्तेचाळीस अर्थ लावणाऱ्या बाईला हे कळलं नाही. आठ वर्षांपूर्वी भावाच्या घरी, आईला कोणी ठेवायचं यावर तासभर घोळ चालला होता, तेव्हा मी काय म्हणाले होते? “येऊ दे माझ्याकडे, काय करणार.” आई स्वयंपाकघरात होती. दार उघडं होतं. त्यानंतर आठ वर्षांत मी तिला गोळ्या दिल्या, डॉक्टरकडे नेलं, पाय चेपले, आणि एकदाही, एकदासुद्धा म्हटलं नाही की तू मला हवी आहेस. तिला कसं कळणार? ती दमलेली मुलगी पाहत होती. तिला वाटलं असेल, सुटली बिचारी.

रागाने तिचे कान तापले. भाऊ त्यात होता, सर होते, पण ते दोघे आता कुठेतरी कडेला उभे होते.

पावणेचार वाजले होते. तिने तळातून एकोणिसावं कार्ड काढलं, त्याच्या जागी कोरं घेतलं, वर नेटका अर्थ लिहिला, घेऊन जाणे, सोबत नेणे, आणि खाली लिहिलं : ‘मी हिला कुठेही जाऊ देणार नाही.’

अणूकाका गठ्ठा सरांकडे नेण्यासाठी उठले होते. त्यांनी सवयीने वरचं कार्ड वाचलं, चष्मा वर केला आणि परत वाचलं.

“बाई, यात तो शब्दच नाही.”

“माहीत आहे.”

“आणि ‘मी’ आहे.”

“आहे.”

“परत येईल हे.”

“येऊ दे.”

त्यांनी बाकीची शेहेचाळीस कार्डं उचलली आणि ते एक तिच्यासमोर तसंच ठेवून निघून गेले. पाच वाजता सुटायचं होतं. सहाला घर. आई दार उघडेल, मागे बॅग दिसेल किंवा दिसणार नाही. तिने ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं, आई समोर आहे असं धरून, तिच्याकडे बघत, दोन्ही चपला पायात असताना. शेवटी ‘तुला चालत असेल तर’ असं आलंच. पुन्हा म्हटलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदाही आलं, आणि तिला स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने कार्ड जवळ ओढलं, वाक्यातल्या पूर्णविरामावर बोट दाबून धरलं आणि चौथ्यांदा सुरुवात केली.