सातव्या रकान्यातल्या अक्का

आमच्या संस्थेत मला पाठीमागे 'रडूबाई' म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे. माझं कामच तसलं. अनुदान देणारे फंड शोधून काढायचे, त्यांचे अर्ज भरायचे आणि आपली अडचण अशी मांडायची की वाचणाऱ्याचा हात आपोआप सहीकडे वळला पाहिजे. आमचे संस्थाप्रमुख, म्हणजे सर, आल्यागेल्याला सांगायचे, "ही बाई दगडाला पाझर फोडील." मला त्याचा अभिमान होता.

संस्था म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. अर्धांगाचा झटका येऊन गेलेली माणसं रोज सकाळी जिना चढून येतात आणि रुसलेल्या हाताची मनधरणी करतात. मागच्या खोलीत सर आणि मी. पुढची खोली अक्कांची. अक्का एकोणीस वर्षांपूर्वी झाडलोट करायला आल्या होत्या. तेव्हाचे डॉक्टर व्यायाम शिकवायचे ते बघून बघून शिकल्या, आणि डॉक्टर गाव सोडून गेले तेव्हा ती खोली आपसूक त्यांच्याकडे आली.

अक्कांची एक रीत होती. माणूस समोर बसला की त्याचं मनगट धरायच्या आणि क्षणभर गप्प राहायच्या. आज हा हात किती ऐकणार, ते त्यांना तेवढ्यात कळायचं. मग कुणाला चमचा, कुणाला कुलूप-किल्ली. शिंपीकाकांना बटणं. काकांनी उभा जन्म शिलाई मशीनवर काढलेला. उजवा हात गेल्यावर ते चमच्याला हात लावेनात. मी काय तान्हं बाळ आहे का, म्हणाले. अक्कांनी नवऱ्याचा जुना शर्ट एका फळीवर ठोकून आणला आणि म्हणाल्या, "काका, यांना उशीर होतोय, जरा बटणं लावून द्या." आठ महिन्यांत काकांची दोन बटणं लागायला लागली होती.

तर फंडाची गोष्ट. एक फंड संस्थांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यासाठी आणि वस्त्यांमधल्या नव्या कामासाठी अनुदान द्यायचा. आम्हाला दोन्ही हवं होतं. अक्कांना सहा महिन्यांचा रीतसर अभ्यासक्रम, आणि पुलापलीकडच्या वस्तीत आणखी एक केंद्र. मी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा परत आला. शेरा एकच, 'गरज पुरेशी स्पष्ट होत नाही'. तो शेरा मला फार झोंबला. अर्जात सातवा रकाना होता: प्रशिक्षण न मिळाल्यास काय नुकसान होईल? मी आधी लिहिलं होतं की अक्का चांगलं काम करतात, शिकल्या तर आणखी चांगलं करतील. सरळ आणि खरं. पण असल्या वाक्यावर कोण अनुदान देतो?

तिसऱ्या वेळी मी लिहिलं, 'सध्याची कार्यकर्ती पूर्णतः अप्रशिक्षित असून केवळ अंदाजाने व्यायाम देते. तिच्या हातून रुग्णांना कायमची इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' लिहिल्यावर मी ते दोनदा वाचलं. काय ठसठशीत उतरलंय, असं वाटून मी खुशीत चहा मागवला. लाज वाटायला हवी होती ती तेव्हा. तेव्हा काही वाटली नाही.

अर्ज मंजूर झाला. फंडाचा एक नियम होता. ज्याला प्रशिक्षण मिळणार त्याने संपूर्ण अर्ज वाचून पानोपानी सही करायची. मला तो नियम माहीत होता. पण आमच्याकडे कागद वाचायची पद्धत नव्हती. मी पेन्सिलीने फुल्या करून ठेवायची, अक्का फुलीवर सही करून मोकळ्या व्हायच्या. याही वेळी मी अकरा फुल्या केल्या. त्या दिवशी मात्र अक्कांनी कागद हातात घेतले, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "माझ्या शिक्षणाचा कागद आहे ना ताई? मग घरी नेते. निवांत वाचीन."

तेव्हाच काहीतरी कारण काढून ते कागद मागून घ्यायला हवे होते. मी म्हटलं, "अवश्य."

तिसऱ्या दिवशी अकरा सह्या करून त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, भराभर वाचलं असेल, लक्षात आलं नसेल. आपल्याला हवं ते मानायला माणसाला किती कमी पुरावा लागतो.

सोमवारी पुढच्या खोलीत गेले तर अक्का दाराजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या. येणाऱ्यांची हजेरी लिहीत होत्या, पाणी देत होत्या. काका फळी घेऊन बसले होते.

"अक्का, ये की," काका म्हणाले. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झालेली, दोन शब्दांना चार श्वास लागतात.

"ट्रेनिंग झालं की काका. तोवर तुम्ही आपले आपण करा."

मी त्यांना जिन्यात बोलावलं. "अक्का, हे काय चाललंय?"

"तुम्हीच लिहिलंय ना ताई. इजा होईल म्हणून." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. "मी आठवून बघतेय, कुणाला झाली असेल. सहा वर्षांमागं एक टीचरबाई यायच्या. खांदा दुखतो म्हणायच्या, आणि मग यायच्याच बंद झाल्या. काल त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले."

"माफी?"

"बाई वारल्या दोन वर्षांपूर्वी. सून होती. तिला काही कळेना मी कशाची माफी मागतेय. म्हणाली, आई तर मुलीकडे राहायला गेल्या म्हणून येत नव्हत्या. पण सून आपली बरं वाटावं म्हणूनही बोलली असेल."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी म्हटलं, "अक्का, अर्जात तसं लिहावं लागतं. ती एक पद्धत असते."

"म्हणजे खोटं आहे ते?"

मी जिन्याच्या कठड्याचा निघालेला रंग नखाने खरवडत राहिले.

"खोटं असेल तर मी आत्ता जाऊन काकांचा हात धरते," अक्का म्हणाल्या. "खरं असेल तर नाही धरत. एवढंच सांगा."

एका शब्दाचं काम होतं. पण मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आत सर होते, आणि गुरुवारी फंडाच्या बाई पाहणीला येणार होत्या. मी म्हटलं, "ट्रेनिंग झालं की सगळं नीट होईल." अक्कांनी मान हलवली आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

गुरुवारी फंडाच्या बाई आल्या. साध्या, हसऱ्या, पायातल्या चपला दाराबाहेर काढून आत आल्या. सरांनी खोली दाखवली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा सातवा रकाना मी समितीत वाचून दाखवला. स्वतःच्या संस्थेतली जोखीम इतक्या प्रामाणिकपणे कुणी लिहीत नाही हो." सर खूश झाले. मी हसले. ते हसू आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

तेवढ्यात काकांच्या फळीवरून त्यांचा हात घसरला. गेल्याच आठवड्यात लागणारं बटण आज काजाच्या जवळही जात नव्हतं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, बोटं वळेनात, डोळ्यांत पाणी आलं. अक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या, हात पुढे गेला, आणि चटका बसावा तसा त्यांनी तो मागे घेऊन पदराखाली घातला.

"ते खोटं आहे," मी म्हणाले.

"काय?" सर म्हणाले.

"सातवा रकाना. मी वाढवून लिहिलं. यांच्या हातून कुणालाही कधी इजा झालेली नाही. अर्ज दोनदा परत आला म्हणून मी तसं लिहिलं."

सर माझ्याकडे बघेनात. फंडाच्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्या म्हणाल्या, "मग हे लेखी द्यावं लागेल. पुढचं समिती ठरवेल." आणि त्यांनी फाईल मिटली.

मी अक्कांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "ताई, तेव्हाही तुम्ही असंच ठासून लिहिलं होतंत. आता हे खरं मानू का ते?"

मी आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, आणि ऐन वेळी माझ्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती.

अक्का काकांसमोर जाऊन बसल्या. "काका, हात धरू का? दुखेल का?"

काकांनी रागाने फळी आपटली. "धर," म्हणाले.

खुलाशाचं पत्र पाच ओळींचं झालं आणि त्याला मला चार दिवस लागले. अक्कांच्या सहीसाठी दिलं तेव्हा त्यांनी आधी खाली-वर पाहून घेतलं, फुली कुठे दिसते का. फुली नव्हती. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि मग सही केली. समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. सर माझ्याशी कामापुरतं बोलतात.

काकांचं दुसरं बटण पुन्हा लागायला लागलंय. अक्का सगळ्यांचे हात धरतात. फक्त आता मनगट धरून गप्प बसत नाहीत. प्रत्येकाला विचारतात, "दुखत नाही ना? नक्की ना?" एकोणीस वर्षांत त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं. मधलं दार उघडं असतं, आणि सकाळपासून दुपारपर्यंत ते मला माझ्या टेबलावर ऐकू येतं.