ऊनाले कोणं नेलं?

अबे संघदीप, शुभांगे, हासू नका, आंधी पुरं आयका! कॉलेजनं मले आयर्लंडले पाठवलं होतं नं, बी.एड.च्या सरावाले? तितं पहिलीच्या वर्गावर होती मी. त्या वर्गाच्या ग्रेस मॅडमनं आल्या आल्याच बजावलं, शाळा सुटली का दारात उभं राह्यचं, अन एकेक पोट्टं त्याच्या माय-बापाच्याच हातात द्यायचं.

मले वाटलं, एवढं काय त्याच्यात? आपल्या केनवड गावात घंटी वाजली का पोट्टे सुटले बकऱ्यावानी.

"हाव, अन कोन्हीबी बुढा कान धरून घरी आणून सोडते," संघदीप म्हणला.

तेच तर झालं लेका! त्या दिवशी मॅडम आत फोनवर, दारात मी एकटी. फाटकापाशी एक बुढा उभा, टोपी घातलेला. ऊना नावाची पोट्टी हासत त्याच्याकडं धावली. आपल्या इकडं पोट्टं असं धावते तो आबाच असते नं? म्या सोडून देल्लं. वरतून हात बी हालवला!

मांगून तिची माय आली. "ऊना कुठी हाय?"

म्हणलं, आजोबा घेऊन गेले.

तिचं तोंड पांढरं फट्ट. म्हणे, ऊनाले आजोबाच नाईत.

"अवो माय!" शुभांगीनं माहा हात धरला.

मॅडम इचारून राह्यल्या, कसा होता तो? अन मले काहीच सांगता येईना. बुढा होता, बस! म्या त्याचं तोंडच पाह्यलं नव्हतं. आम्ही तिघी रस्त्यानं पळून राह्यलो, माय नावानं हाका मारे, अन मले तर टोपीवाला जो दिसे तो तोच वाटे. पुढं नदी होती. तिच्याकडं पाहाची हिंमतच होईना.

सापडली वो. गल्लीच्या टोकाले, गाढवाले गाजर चारत होती. बुढा ऊनाच्या घराशेजारचाच होता, गाढव बी त्याचंच. मायनं ऊनाले उचललं अन माह्याकडं पाठ करून चालली गेली. शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या रोजी मॅडमनं मलेच दारात उभं केलं. म्हणे, तोंड पाहा, मंग हात सोडा.

"म्हणून काल आपल्या शाळेच्या दारात गोमतीबाईले अडवलं काय?" संघदीप खिदळला.

हाव! नातवाले न्याले आली होती बुढी. मी पोराले इचारलं, ह्या कोण? तं बुढी म्हणे, "काव तनुजे, तिकडं जाऊन डोये फुटले काय?"

हासा तुमी. पण तिचं तोंड नीट पाहेपर्यंत म्या पोराचा हात सोडलाच नाई.