उन्हाळ्यात वाचायचं पुस्तक

प्रभावतीबाईंचा नियम वाटूरमध्ये सगळ्यांना पाठ होता: जड पुस्तक पावसाळ्यात, हलकं उन्हाळ्यात. वर्षावासाच्या तीन महिन्यांत बुद्धविहारात ग्रंथ वाचायला त्याच बसत, आणि तिथं एक अक्षर इकडचं तिकडं होऊ देत नसत. मे महिन्यात शाळेला सुटी लागली की मात्र त्या जालन्याहून कादंबऱ्या आणत आणि दुपारी शेजारच्या केशरबाईच्या अंगणात लिंबाखाली वाचून दाखवत. बाया शेवया वळत, पापड लाटत आणि ऐकत. “उन्हानं जीव आधीच कावलेला, त्यात रडकी गोष्ट कशाला?” असं बाई म्हणायच्या. मास्तरीणच ती, ऋतूंचंही वेळापत्रक करणारच.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात पुस्तकानं दगा दिला. सुरुवातीची पानं चाळून, हसू येतं म्हणून त्यांनी ते उचललं, आणि पुढं शिवकन्या नावाच्या सुनेचा सासुरवास सुरू झाला. बायांचे हात थांबू लागले. केशरबाईची लेक बेबीनंदा माहेरपणाला आली होती. ती तर पाटावरचं पीठ वाळून जाईपर्यंत बाईंच्या तोंडाकडं बघत बसायची.

“पुढं काय झालं वो बाई? सुधरली का तिची सासू?”

शेवट बाईंनी घरी आधीच वाचून ठेवला होता. सासू काही सुधरत नाही. शिवकन्या माहेरी पळून येते, माहेरची माणसं दार उघडत नाहीत, आणि ती विहिरीत उडी घेते. भर उन्हाळ्यात, त्या भोळ्या बायांपुढं हे वाचायचं कसं? बाईंनी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं, पानं बरोबर उलटली आणि तोंडानं भलतंच वाचलं. शिवकन्येनं सगळं मुकाट सोसलं, शेवटी सासूला पाझर फुटला, तिनं सुनेला पोटाशी धरलं आणि कमरेच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. बायांनी डोळ्यांना पदर लावले. “काय गोड लिव्हलंय!” असं जी ती म्हणू लागली. बाई मनातून फुलल्या. लिहिणाऱ्यापेक्षा आपल्यालाच बरं जमतं, असंही त्यांना वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई ताटात कुरडया घेऊन दारात उभी.

“बाई, तुमचे लई उपकार झाले. पोरगी महिन्यापासून सासरी हसनाबादला जात न्हाई म्हनून बसल्ती. काल तुमचं पुस्तक आयकलं अन् सोताच म्हन्ली, माय, सोसलं की सासू सुधरती, मी जाते. आता जालन्याच्या गाडीनं निघून राह्यलो. मी सोडून येते तिला.”

“पण जात का नव्हती?”

“काय सांगावं! सासूनं पाठीवर तापल्या उलथन्यानं डाग दिल्ते. आता सासू म्हनल्यावर थोडंबहुत चालायचंच की.”

बाईंच्या हातात ताट तसंच राहिलं. त्यांना तर वाटलं होतं, पोरगी माहेरपण भोगायला आलीय. रोज शेजारी बसून शेवया वळणारी पोर, आणि आपण तिला एकदाही काही विचारलं नाही. वर काल लोकांची वाहवा घेऊन सुखानं जेवलो. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट खाली ठेवून, दार उघडंच टाकून त्या फाट्याकडं निघाल्या.

फाट्यावर दहा-बारा माणसं गाडीची वाट बघत होती. मास्तरीणबाईंना अशा धापा टाकताना कोणी पाहिलं नव्हतं. सगळे वळून बघू लागले.

“बेबी, थांब. काल मी वाचलं ते पुस्तकात नाही. मी मनानं रचलं. सासू सुधरत नाही.”

जमलेल्यांत कोणीतरी हसलं. बाईंचे कान तापले. वर्षावासात हीच माणसं त्यांच्यापुढं हात जोडून बसत.

बेबीनंदानं विचारलं, “मंग त्या बाईनं काय केलं?”

“ती माहेरी निघून आली.”

“अन् माहेरच्यांनी ठिवून घेतली?”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! शब्द ओठांवर आलासुद्धा. बाईंनी केशरबाईकडं पाहिलं. ती हातातल्या पिशवीची गाठ उगाच सोडत-बांधत होती.

“नाही,” बाई म्हणाल्या. “दार उघडलं नाही त्यांनी. तिनं विहिरीत जीव दिला.”

गाडी आली. कंडक्टर “जालना, जालना” ओरडू लागला. बेबीनंदानं आईच्या हातातल्या पिशवीला हात घातला.

“दे, माय. चढते मी. गाडी जाईल.”

केशरबाईनं पिशवी सोडली नाही. बेबीनंदानं पुन्हा ओढली, तरी सोडली नाही. कंडक्टरनं विचारलं, येणार का नाही? मागची माणसं त्यांना बाजूला सारून चढली, घंटी वाजली आणि गाडी गेली.

“चाल घरी,” केशरबाई म्हणाली.

हे तिनं लेकीकडं न बघताच म्हटलं. तिघी घराकडं वळल्या. केशरबाई पिशवी छातीशी धरून पुढं चालत होती, आणि लेकीच्या पाठीकडं बघायची वेळ येऊ नये म्हणून ती तिला पुढं जाऊ देत नव्हती.