तेलाचं बोट

पांढऱ्या रश्श्याची वाटी पुन्हा ताटातून निसटली आणि घरंगळत जाऊन क्रांतीच्या पायाशी थांबली. वाटी कसली, तुरीच्या दाण्याएवढी. क्रांतीनं ती वाकून उचलली, तळहातावर घेतली आणि नणंदेपुढं धरली.

"वन्सं, आणि एक पडली."

"दिसतंय मला," संयोगिता म्हणाली.

भावाच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न रविवारवर आलं होतं. संयोगिता गडमुडशिंगीहून आधीच येऊन राहिली होती, ती रुखवतासाठी. या घरातल्या कुठल्याही लेकीचं लग्न असो, मांडवात नवरीकडचं रुखवत मांडायचं ते संयोगितानंच. पूर्वी त्यात गव्हले असत, मालत्या, नखुल्या असत. उन्हाळ्यात सोप्यात बायका गोल करून बसायच्या, गाणी म्हणायच्या आणि बोटांच्या चिमटीत रव्याचे दाणे वळायच्या. संयोगिताचा गव्हला जिऱ्यासारखा बारीक. मुरगूडच्या मावसबहिणीच्या लग्नात व्याह्यांनी तिच्या गव्हल्यांचं ताट उन्हात नेऊन पाहिलं होतं, हाताचे आहेत की यंत्राचे म्हणून. ते व्याही कुठला फेटा बांधून आले होते, तेसुद्धा तिला आठवत होतं.

या वेळी राजनंदिनी म्हणाली, "आत्ती, गव्हल्यांची खीर आता कोण करतंय? तू क्लेची ताटं कर की. तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी. एवढी एवढीशी." आणि तिनं रंगीत पॉलिमर क्लेची पाकिटं आणून दिली. मऊ असतो हा क्ले, कणकेसारखा मळायचा, आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजला की घट्ट होतो. रुपयाएवढी ताटं करायची, रुखवतात पंगत मांडायची, आणि लग्न झाल्यावर कडी लावून करवल्यांना किल्लीत अडकवायला द्यायची.

वळण्याचं काम म्हटल्यावर संयोगितानं हसत हो म्हटलं. आता हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

भाकरी झकास जमायची. तिच्यावरचे करपलेले डाग तिनं काडीनं असे उठवले होते की वास यावा. कांद्याच्या चकतीला पापुद्रेसुद्धा दिसत होते. पण भाजून काढलं, की ताट एकीकडं आणि वाट्या दुसरीकडं. भाकरी उचलावी तर ती सुटी. लिंबाची फोड तर फुंकरीनं उडाली. जास्त दाबून बघितलं, जास्त भाजून बघितलं. एका खेपेला भाकऱ्या खरंच करपल्या आणि स्वयंपाकघरात जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला.

"माझ्या केकच्या ओव्हनची रया गेली," क्रांती म्हणाली. "वन्सं, राग मानू नका. पुण्याची एक बाई हे करून देती. आज सांगितलं तर शनवारी पार्सल येतंय. सांगू का?"

"जरा थांब."

"थांबून थांबून लगीन दारात आलं."

तेवढ्यात विजयसिंह पाणी प्यायला आत आला. बहिणीच्या खांद्यावरून त्यानं ताटात डोकावलं.

"दही लई वाढलंयस की."

"दही न्हाय. पांढरा रस्सा हाय."

"मग तवंग कुठाय?"

"पाणी पी आणि बाहीर जा तू."

तो गेला, पण बोलला ते खरंच होतं, म्हणून तिला जास्त चीड आली. पुण्याची बाई. तिनं कधी पांढरा रस्सा ओरपला तरी असेल का? तिची ताटं रुखवतात मांडायची आणि आपण अक्षता टाकून जेवून घरी जायचं, पावण्यासारखं. संयोगितानं दात आवळले आणि पांढऱ्या क्लेचा नवा गोळा घेतला.

राजनंदिनी बँकेतून आली ती चपला काढून थेट तिच्यासमोर बसली. पुण्याच्या बाईला सांगायला आईनं हातात धरलेला फोन तिनं पाहिला होता. ती आत्तीच्या हाताकडं बघत राहिली. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"आत्ती, ती वाटी कसली?"

"तेलाची."

"तेल कशाला?"

"मग? हाताला चिकटतंय की ते."

"चिकटायलाच पायजे, आत्ती. तू प्रत्येक वाटीला तेल लावतीस, मग ती ताटाला धरणार कशी?"

संयोगिता आपल्या बोटाकडं बघत बसली. तेलाचं बोट लावल्याशिवाय वळायला बसायचं नाही, ही आईची पहिली शिकवण. तिचा गव्हला सुटा, एकाला एक न लागणारा, त्याचं सारं कौतुक त्या बोटाचं होतं. आणि इथं तेच बोट घरबुडवं निघालं.

"आधी सांगाय काय झालतं?"

"मला काय म्हाईत तू तेल घिऊन बसलीयस?"

तिनं साबणानं हात धुतले, राखेनं भांडं घासावं तसे. राजनंदिनीनं तेलाची वाटी उचलून आत नेली. नवं ताट सुरू झालं. दोन भाकऱ्या झाल्या आणि बोट आपोआप गेलं, जिथं वाटी होती तिथं. तिथं काही नाही म्हटल्यावर ते वर गेलं आणि कानामागच्या तेल चोपडलेल्या केसांतून फिरून आलं.

"आत्ती."

"कळलं."

पुन्हा हात धुतले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच्याच बोटावर चापट मारली, उठून विजयसिंहचा टॉवेल आणला आणि डोक्याला गच्च गुंडाळला. आता हाताला क्ले चिकटत होता, चिमटीतून सुटत नव्हता, वाटीची कड वेडीवाकडी होत होती. नव्यानं वळायला शिकणाऱ्या पोरीसारखी तिची गत झाली होती. तोंडानं ती पुटपुटत होती ते गाणं नव्हतं.

ताट ओव्हनमध्ये गेलं. क्रांती फोन हातात धरून दारात उभी.

बाहेर काढून गार झाल्यावर संयोगितानं ते उचललं, पालथं केलं आणि हलवलं. टेबलावर काही पडलं नाही. आणखी जोरात हलवलं. वाट्या जागच्या जागी, भाकरी जागची जागी, लिंबूसुद्धा.

क्रांतीनं ताट हातात घेतलं, नखानं वाटी उचकटून बघितली. निघाली नाही. तिनं फोन ओट्यावर ठेवला.

"बरं झालं, वन्सं. दही तर लई झ्याक बसलंय."

संयोगितानं टॉवेलची गाठ आणखी आवळली.

"राजनंदिनी," ती म्हणाली, "ती पिवळी पुडी सोड. तवंग घालती. न्हायतर ही बाई मांडवात सगळ्यास्नी दही म्हणूनच सांगणार."