बेचाळीस किलोंची चाकं

“शिष्टर, वजन किती तुमचं?” सायकल दुरुस्तीवाल्या सितारामने चाकांच्या दोन्ही जोड्या फळीवर ठेवत विचारलं.

“पन्नास,” सत्यशीलाबाईंनी ठोकून दिलं.

“पन्नासच्या गोण्या मी रोज बघतो. खरं सांगा. चाक वजनावरच ठरतंय.”

एकोणतीस वर्षं पालमजवळच्या आरोग्य उपकेंद्रात बाई दुसऱ्यांची वजनं करत आल्या होत्या. स्वतःचं मात्र वाढवून सांगायच्या. ‘वाऱ्यानं उडशील’ ऐकून लहानपणापासून त्यांचे कान किटले होते. चौदा एप्रिलच्या रक्तदान शिबिरात तर पंचाईतच व्हायची. पंचेचाळीस किलोंच्या खाली रक्त घेत नाहीत. अख्ख्या वस्तीचं रक्त त्या काढत आणि कुणी विचारलंच, तर “माज्या गोळ्या चालू हायेत” म्हणून वेळ मारून नेत.

गेल्या फेब्रुवारीत परभणीच्या दोनशे किलोमीटरच्या सायकल राइडमध्ये त्या उसन्या, उंच रिंगच्या चाकांवर उतरल्या होत्या. देवगाव फाट्याजवळ आडवा वारा आला आणि बाई सायकलसकट खड्ड्यात. टेम्पोतून परत येताना ड्रायव्हर म्हणाला, “शिष्टर, आधी जेवत जावा.” गुडघ्यापेक्षा ते जास्त झोंबलं. निवृत्तीआधी ही राइड त्यांना एकदा तरी ठरल्या वेळेत पुरी करायचीच होती.

नव्या चाकांच्या किमतीत घरात फ्रीज आला असता, म्हणून सितारामने नांदेडहून जुन्या जोड्या मागवल्या होत्या. एक काळी, उंच रिंगची. दुसरी साधी ॲल्युमिनियमची, ठेंगणी. बाईंचा जीव काळीवर होता. सगळे रायडर तसलीच वापरत.

सितारामने त्यांना शेजारच्या आडतीच्या काट्यावर उभं केलं. बेचाळीस. बाई मान खाली घालून उतरल्या. आता हा हसणार, असं त्यांना वाटलं.

“मंग काळी घेऊच नका,” सिताराम म्हणाला. “उंच रिंगला वारा धरतो. त्याला दाबून ठेवायला तुमचं वजन पुरत न्हाई. गेल्या टायमाला तुमी न्हाई पडल्या, चाकानं पाडलं.”

“आन् ही ठेंगणी? स्पोक किती कमी हायेत!”

“चोवीस. दुधवाल्याला मी छत्तीस टाकतो, तरी महिन्याला चाक वाकडं होऊन आऊट काढावा लागतो. तुमच्याखाली ही हलणार न्हाई. निम्म्या पैशात काम होतंय.”

काळी विकली असती तर त्याला दुप्पट मिळाले असते, हे बाईंना कळत होतं. त्यांनी ठेंगणी घेतली.

यंदाच्या फेब्रुवारीत फाट्यावर वारा तसाच होता. हँडल जरासं थरथरलं, बाईंनी दात आवळले आणि तो खड्डा मागे पडला. परभणीत पोचल्या तेव्हा वेळ संपायला बारा मिनिटं उरली होती. कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी पुढच्या चाकावरून हात फिरवला.

एप्रिलमध्ये शिबिरात पहिल्याच खाटेवर शेजारची पंचफुला आडवी झाली. “शिष्टर, तुमच्या गोळ्या आजून चालूच हायेत का?” तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“कसल्या गोळ्या. बेचाळीस किलो वजन हाय माजं. घेत न्हाईत.”

खोलीतल्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. बाईंनी पंचफुलाच्या मुठीत रबरी चेंडू दिला, सुई नीट बसली का ते पाहिलं आणि पिशवी भरेपर्यंत तिच्याजवळ उभ्या राहिल्या.